दुसरा रिमोट

चेतनच्या मांडीत सळई बसवून त्याला दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा सुरतेच्या कोसाड भागातल्या त्यांच्या इमारतीत लिफ्ट नव्हती म्हणून शेजारच्या बाप्यांनी त्याला खुर्चीसकट उचलून वर आणलं. दारात त्याच्या आईनं, मंगलाबाईनं, त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि टीव्हीसमोरच्या पलंगावर त्याला निजवलं. कामरेजच्या हायवेवर एका ट्रकनं त्याच्या मोटरसायकलीला मागून उडवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळेल, पोरगा चालेल, पण व्यायाम रोज झाला पाहिजे. रडत का होईना, झाला पाहिजे.

चेतन ना रडत होता ना व्यायाम करत होता. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. अपघाताआधी एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मशीन चालवणारा, सगळ्या गल्लीत शिट्ट्या मारत फिरणारा हा पोरगा आता कुणी हाक मारली तरी ओ देत नव्हता. बाप राघो इच्छापोरच्या एका कंपनीत कंत्राटी वॉचमन. तो तिकडेच राहायचा, सुट्टीला यायचा, पलंगापाशी उभा राहून "कसं काय?" एवढं विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता झोपून जायचा. मग घरात उरायची मंगलाबाई, तिचा पोरगा आणि साड्यांचा गठ्ठा. एम्ब्रॉयडरी झालेल्या साड्यांच्या मागचे लोंबते धागे कापून द्यायचं काम ती घरबसल्या करायची.

"दोन घास खाई ले रे भाऊ."

"माले नही खावानं."

दिवसभरात त्या दोघांमध्ये एवढंच बोलणं व्हायचं, तेही गावाकडच्या अहिराणीत.

चेतनचा मित्र सुशांत बाजूच्या इमारतीत राहायचा. त्यानं एके दिवशी आपला गेमचा डबा, दोन रिमोट आणि वायरींचा गुंता उचलून आणला आणि चेतनच्या टीव्हीला जोडून दिला. "पडल्या पडल्या खेळू," म्हणाला. गेमचं नाव इंग्रजी होतं. मंगलाबाईनं त्याला पाण्याचा खेळ असं नाव ठेवलं, कारण टीव्हीत बघावं तेव्हा पाणीच पाणी. एक जहाज बुडालेलं, त्यातून दोन पाणबुडे तेवढे वाचलेले. एकाचे कपडे नारिंगी, एकाचे हिरवे. पाठीवरच्या नळकांड्यातली हवा संपायच्या आत मासे पकडायचे, मोडक्या जहाजातलं सामान गोळा करायचं, समुद्राच्या तळाशी काचेची खोली बांधायची आणि जिवंत राहायचं. पडद्याचे उभे दोन भाग व्हायचे, अर्ध्यात हा, अर्ध्यात तो. संध्याकाळी दोघं खेळायला बसले की चेतनचा आवाज ऐकू यायचा, आणि मंगलाबाई मोरीत भांडी घासता घासता हात थांबवून तो ऐकायची.

मग सुशांतला कामरेजला नोकरी लागली. सुरुवातीला तो "येतो, येतो" म्हणाला. पुढे फोनवर "थकून जातो यार" म्हणू लागला. नंतर त्याचा फोनच येईना. चेतन एकटा खेळायला बसायचा आणि एका ठिकाणी अडायचा. खोल पाण्यात एक लोखंडी दार होतं, त्याला दोन चाकं, दोघांनी एकाच वेळी फिरवल्याशिवाय ते उघडत नव्हतं. एका दुपारी त्यानं रिमोट भिंतीवर फेकायला हात उगारला. मंगलाबाईला वाटलं, आता हा मोडणार, आणि दुसऱ्याची वस्तू. पण हात खाली आला. त्यानं दुसरा रिमोट ओढून पुढं केला आणि म्हणाला, "माय, इकडे ये. हाई बटण दाबी ठेव. मी सांगस तोवर सोडू नको."

मंगलाबाईनं हात पदराला पुसले, पलंगाच्या कडेला बसली आणि बटण दाबून धरलं. दार उघडलं. चेतन आत शिरला. हिरवा पाणबुड्या मात्र दारातच तरंगत राहिला, त्याची हवा संपली आणि तो हातपाय सोडून वर वर जाऊ लागला.

"मरी गयी ना तू!" चेतन ओरडला.

"मी तं आठे बसेल शे," मंगलाबाई म्हणाली.

चेतनच्या ओठाची एक बाजू हलली. हसू नव्हतं ते, पण हसण्याच्या वाटेवरचं काहीतरी होतं. अपघातानंतर मंगलाबाईनं ते पहिल्यांदा पाहिलं. तिनं तिथंच ठरवलं, हे बटण आपण शिकायचं.

शिकताना तिची पार फजिती झाली. पुढं जायचं म्हणून ती मागं जायची, वर बघायचं म्हणून खाली तोंड खुपसायची. मासा धरायला गेली की मासाच तिला धरायचा. काचेच्या खोलीच्या दारातून आत शिरायच्या ऐवजी भिंतीला डोकं आपटत राहायची. चेतन चिडायचा, शिव्या घालायचा, रिमोट हिसकावून घ्यायचा, परत द्यायचा. शेजारची कलाबाई एकदा साखर मागायला आली आणि दारातच थबकली. "बाई बाई, ह्या वयात काय हे!" मंगलाबाई मान न वळवता म्हणाली, "डब्यातून घेऊन घे साखर. माझी हवा संपत आली."

हळूहळू बोटांना वाट सापडली. मासे मारणं तिला जमलं नाही आणि आवडलंही नाही, ते चेतनकडे. तिनं स्वतःसाठी दुसरं काम शोधून काढलं. त्या खेळात समुद्राच्या तळाशी एक वेल लावता यायचा. त्याची पानं खाता यायची, आणि तो जवळ असला की नळकांडी थोडी भरायची. मंगलाबाईनं काचेच्या खोलीभोवती ओळीनं वेल लावले. एक ओळ, मग दुसरी, मग बांध घालावा तसा दगडांचा काठ. अमळनेरकडच्या तिच्या माहेरी बागायत होती, पण बायकांनी तिथं निंदायचं आणि वेचायचं. कुठं काय लावायचं हे कधी कुणी तिला विचारलं नव्हतं. इथं ती ठरवत होती. चेतन म्हणायचा, "माय, इतला नको लावू, कामना नही." ती लावतच राहायची.

मग एक दिवस तो खोल गुहेत सामान आणायला गेला. "तू आठेच थांब," असं बजावून गेला. गुहेत वाट चुकला. पडद्याच्या त्याच्या बाजूला सगळा काळोख, आणि हवेचा आकडा लाल होऊन लुकलुकायला लागला. मंगलाबाईनं आपल्या अर्ध्यातून त्याच्या अर्ध्याकडे पाहिलं आणि हिरव्या पाणबुड्याचं तोंड खाली वळवलं. ती सरळ गुहेत शिरली. खेळात अशी सोय होती की जोडीदाराजवळ जाऊन बटण धरलं तर एकाच नळकांड्यावर दोघांना श्वास घेता येतो, फक्त हवा दुप्पट वेगानं संपते. तिनं त्याला गाठलं, बटण धरलं, आणि एकमेकांना चिकटून ते दोघं गुहेच्या तोंडाकडे निघाले. शेवटच्या वळणावर दोन्ही अर्धे लाल झाले होते. कसेबसे ते वेलांपाशी पोचले.

"तुले सांगेल व्हतं ना, तठेच थांब!"

"तू तठे मरी ऱ्हायना व्हता, मी आठे थांबू?"

चेतन हसला. आवाज करून, पोट धरून हसला. हसताना मांडी दुखली म्हणून कळवळला आणि तरी हसत राहिला. हसू ओसरल्यावर त्यानं पडद्याकडेच बघत एक गोष्ट सांगितली. म्हणाला, पहिल्या महिन्यात रोज रात्री त्याला वाटायचं की सकाळी जाग येऊ नये. दवाखान्याच्या गोळ्या तो न खाता उशीच्या खोळीत जमवत होता. आता टाकून दिल्यात, म्हणाला.

मंगलाबाईचे हात रिमोटवर होते, तसेच राहिले. ओरडावं, मारावं, पोटाशी धरावं, सगळं एकदम मनात आलं. पण हा पोरगा तोंडासमोर तोंड असतं तर हे बोलला नसता, एवढं तिला कळत होतं. दोघांची तोंडं टीव्हीकडे होती म्हणून तो बोलला. ती म्हणाली, "नळकांडं भरी ले. अजून खोल जावानं शे."

दुसऱ्या दिवशी तिनं अट घातली. आधी व्यायाम, मग खेळ. पाय उचलशील तेवढा वेळ रिमोट हातात. तो भांडला, रुसला, आणि शेवटी त्यानं पाय उचलला. घामानं भिजला, आईच्या खांद्याला बोटांचे वळ उठतील असं धरलं, पण उचलला. काही दिवसांनी तो पलंगाच्या कडेला बसला. मग वॉकर घेऊन मोरीपर्यंत गेला. राघो सुट्टीला आला तेव्हा पोरगा दारात उभा. राघोच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टर चांगला भेटला," तो म्हणाला. मंगलाबाईला त्याचं वाईटही वाटलं नाही. दुपारी खोल पाण्यात जायचं होतं.

खेळायला बसली की ती एक प्रश्न हमखास विचारायची. डोक्यावर, फार उंचावर, पाण्याचा उजेड हलताना दिसायचा. "वर काय शे रे?"

"शेवटला टप्पा शे तो. बोट बनाडानी, मंग दोन्हीजन वर. एकलं जाता येत नही."

"पण शे काय?"

"माले काय माहीत? कोणी सांगेल बी नही. मी पाह्यं बी नही मोबाइलवर. आपन जाऊत ना."

तिला त्या उजेडाचं वेड लागलं होतं. धागे कापता कापता ती मनाशी रंगवायची. एखादं बेट असेल, नारळाची झाडं असतील, न्यायला आलेलं जहाज असेल. सुरतेत इतकी वर्षं काढून तिनं समुद्र एकदाच पाहिला होता, डुमसला, तोही ओहोटीचा, नुसता काळा चिखल. हा समुद्र मात्र तिचा होता.

अक्षय्य तृतीया, म्हणजे आखाजी, जवळ आली. खानदेशच्या लेकीबाळी आखाजीला माहेरी जातात, मंगलाबाईही दरसाल जायची. या वर्षी ती नाही म्हणाली. बोटीचं सामान जवळजवळ जमलं होतं, फार तर दोन-तीन दुपारांचं काम उरलं होतं. भावाचे फोन येत होते. शेवटी चेतनच म्हणाला, "जाय ना माय, चार दिन. मी काय पळी जाई ऱ्हायनू का?" आणि वॉकरच्या जागी आलेली काठी आपटून दाखवली. "तू ये, मंग आपन दोन्हीजन वर जाऊत."

ती गेली. झोके घेतले, गाणी म्हटली, खापरावरचे मांडे खाल्ले. भावजयीला तिनं पाण्याच्या खेळाबद्दल सांगायचा प्रयत्न केला, पण काय सांगणार? "मी शेत लावलंय पाण्याखाली," एवढंच म्हणाली, आणि भावजय खो खो हसली. मंगलाबाईला हसण्याचं वाईट वाटलं नाही. घरी कुणीतरी आपली वाट बघतंय, आणि तेही स्वयंपाकासाठी नाही, या जाणिवेवर ती चार दिवस तरंगत होती.

परतीच्या गाडीतून उतरली तेव्हा एका हातात आंब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात सांजोऱ्यांचा डबा. दमून जिने चढली. दार उघडंच होतं. आत पंखा गरगरत होता, पलंगावर चेतन आणि त्याच्या बाजूला सुशांत बसलेले. सुशांतची कामरेजची नोकरी सुटली होती. त्याच्या हातात दुसरा रिमोट होता. टीव्हीवर पाणीच पाणी, पण वेगळं, उथळ, नवं. काचेची खोली नाही, वेलांच्या ओळी नाहीत. हिरवा पाणबुड्या एक फळकूट ओढत चालला होता आणि त्याच्या डोक्यावर सुशांतचं नाव दिसत होतं.

"मम्मी, चा मूक ने," चेतननं मान न वळवता चहा टाकायला सांगितलं. चारचौघांत तो माय म्हणत नसे, आणि मित्रांसमोर त्याच्या तोंडी गुजरातीच यायची.

मंगलाबाईनं पिशवी खाली ठेवली. "शेत कोठे गये?"

उत्तर सुशांतनं दिलं. तो वाईट पोरगा नव्हता. "काकू, ती गेम संपली. कालच संपवली आम्ही. बोटीला सामान कमी पडत होतं ना, म्हणून तुमचे वेल तोडले. भारी कामाला आले, एका झटक्यात बोट झाली! आता पहिल्यापासून नवीन लावलीय, अवघडवाली."

मंगलाबाईनं चेतनकडे पाहिलं. तो टीव्हीकडे बघत होता.

तिनं चहा केला. दोन कप भरून दिले. सुशांत जाईपर्यंत ती ओट्यापाशी उभी राहिली. तो गेल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "काय व्हतं वर?"

"कोठे?"

"वर. पाण्यानं वर."

"काई नही व्हतं," चेतन म्हणाला. "पांढरा पडदा नि नावं. ज्यास्नी गेम बनाडा त्यास्ना नावं."

"तू तं सांगं व्हतं, माय ये, मंग जाऊत."

"गेमच व्हता ना माय. सुशांत उना, बसनूत, व्हई गये. अशी काय करस?"

"एक दिन थांबता ना रे. एक दिन." तिचा आवाज चिरकला आणि त्या आवाजाची तिची तिलाच लाज वाटली. पन्नाशीला टेकलेली बाई, टीव्हीतल्या वेलांसाठी रडते आहे.

चेतन वैतागला. मनातून तोही कुठंतरी वरमला असावा, कारण वरमलेला माणूसच इतकं लागेल असं बोलतो. म्हणाला, "तू काय खेळासाठे खेळे का? तू माले उठाडासाठे खेळे. ऊठनू ना मी आते? झाये तुनं काम."

त्यातलं अर्धं खरं होतं, हे मंगलाबाईला पटत होतं. उरलेलं अर्धं कधी सुरू झालं, पोराला उठवण्याचा खेळ तिचा स्वतःचा कधी झाला, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? ती गठ्ठा ओढून बसली. त्या दुपारी धागा कापताना कात्री साडीच्या अंगात शिरली आणि जांभळ्या कापडाला बोटभर चीर पडली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. साड्या न्यायला आलेला व्यापाऱ्याचा माणूस दारात उभा राहून अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलला. ती ऐकून घेत राहिली. चेतन आतच होता. सुशांतबरोबर खेळत होता.

सुशांत पुढं आपला डबा परत घेऊन गेला. चेतनची काठी सुटली. उभ्या उभ्या मशीन चालवणं पायाला झेपेना, म्हणून राघोनं खटपट करून त्याला इच्छापोरलाच एका गोदामात बसायचं काम मिळवून दिलं. तो तिकडे खोली घेऊन राहू लागला. आठवड्याला यायचा, मग पंधरवड्याला. आला की जेवायचा, मोबाइल बघत लोळायचा. मंगलाबाई त्याच्याशी बोलायला गेली की "हां", "बरं", "बघू". आपल्या मनातलं त्यानं तिला परत कधी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. समोरासमोर बसून कसं विचारायचं, ते तिला येत नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. सून मयुरी डिंडोलीच्या खानदेशी घरातलीच, बोलकी, कामाला उरक असलेली. दिवाळीनंतर दोघं दोन दिवस राहायला आली तेव्हा चेतननं हौसेनं स्वतःचा नवा गेमचा डबा बरोबर आणला होता. टीव्हीला जोडला, मयुरीला थोडं शिकवलं आणि कुणाला तरी भेटायला म्हणून बाहेर जायला निघाला.

मयुरी रिमोट हातात घेऊन बसली. तीच पाण्याची निळाई भिंतीवर हलायला लागली. "आई, हे एकट्यानं होत नाही," ती म्हणाली. "ह्यांना तर सवडच नसते. तुम्ही बसा ना माझ्याबरोबर. मी शिकवते, सोपं असतं." आणि तिनं मोठ्या मायेनं दुसरा रिमोट सासूपुढं धरला.

मंगलाबाई वांगी चिरत होती. तिनं रिमोटाकडे पाहिलं. हात पुसायला पदराकडे गेलाही होता.

दारात चप्पल घालता घालता चेतन हसला. "तिला कुठं बसवतेस? मम्मीला हे काही कळत नाही. टीव्हीचा रिमोट धड लावता येत नाही तिला."

मंगलाबाईनं मान वर करून त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. चेष्टेची, चिडवण्याची, लपवण्याची एखादी रेघ तिथं असेल म्हणून तिनं शोधली. तशी काही नव्हती. तो खोटं बोलत नव्हता. ते सगळे महिने त्याच्या मनातून धुऊन गेले होते. ती गुहा, उशीच्या खोळीतल्या गोळ्या, काही उरलं नव्हतं. चालू लागलेल्या माणसाला पलंगावरचे दिवस नको असतात, आणि ती त्या दिवसांतली होती.

"खरंच नाही येत, आई?" मयुरीनं विचारलं.

"नाही बाई," मंगलाबाई म्हणाली. "मी कधी हात नाही लावला."

चेतन जिना उतरून गेला. त्याची पावलं आता दोन्ही सारखी वाजत होती. मयुरी एकटीच खेळू लागली आणि थोड्या वेळात तिचा पाणबुड्या हातपाय सोडून वर तरंगला. "अय्या, मेले!" म्हणून ती हसली. तिची चूक कुठं झाली ते मंगलाबाईला दिसलं होतं. ती वांग्याच्या फोडी पाण्यात टाकत राहिली.